आमदारांचें मत कोठें लिहिलेलें असतें?

मुंबईंत जागा पुरेनाशी झाल्यावर बदलापुरास येऊन राहिलेलीं जीं शेंकडों कुटुंबें आहेत, त्यांपैकींच आमचें एक. घरांत तीन पिढ्या नांदतात. पहाटे पांचला चहाचें आधण चढतें, सातच्या आंत दोघे मुलगे गाडी गांठावयास बाहेर पडतात आणि साडेसातला नातवंडें शाळेच्या रिक्षेंत बसतात. तीं दुपारीं परत येईपर्यंत घरांतल्या बायकांचें अर्धें लक्ष दाराकडे असतें. पूर्वीं तें मायेपोटीं असे. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यांत भीतीचा अंश मिसळला आहे.

त्या महिन्यांत आमच्या गांवांतील एका शाळेंत काय घडलें, तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. बालवर्गांत जाणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेंतच अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें. आणि तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यांत अकरा-बारा तास तिष्ठत बसावें लागल्याच्या बातम्या आल्या. २० ऑगस्ट रोजीं, मंगळवारीं, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. सुमारें दहा तास गाड्या अडून राहिल्या. आमचा धाकटा त्या दिवशीं अंबरनाथेहून पायीं चालत घरीं आला.

रात्रीं पानें उचलल्यावर सूनबाई पुढें येऊन म्हणाल्या, “मामंजी, एक विचारूं का? कायदे करणाऱ्या सभेंत आपले आमदार बसतात ना? मग अशा गोष्टींच्या बाबतींत त्यांनीं आजवर कोणतें मत दिलें, हें कोठें वाचावयास मिळेल?”

मी उभा जन्म शाळेंत नागरिकशास्त्र शिकविलें. उत्तर जिभेवर असावयास पाहिजे होतें. पण तें नव्हतें. “पाहून सांगतों,” असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पाहण्यास पुष्कळ दिवस लागले, आणि जें आढळलें तें प्रत्येक घरानें जाणून घेण्यासारखें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रथम ‘आपले आमदार’ म्हणजे कोण, तें पाहूं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं एकाच लोहमार्गाच्या बाजूस ओळीनें वसलेलीं गांवें. तिन्हीं गांवांचे पोलीस ठाणे आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळांत मोडतात. परंतु मतदारसंघ निराळे आहेत. बदलापूर मुरबाड मतदारसंघांत. अंबरनाथचा स्वतंत्र राखीव मतदारसंघ. उल्हासनगरचा तिसरा, आणि त्याही शहराचा कांहीं भाग अंबरनाथ व कल्याण पूर्व यांत विभागलेला. लोकसभेसाठीं अंबरनाथ-उल्हासनगर कल्याणकडे, तर बदलापूर भिवंडीकडे. मुरबाडमधून श्री. किसन कथोरे, अंबरनाथमधून डॉ. बालाजी किणीकर आणि उल्हासनगरमधून श्री. कुमार आयलानी हे २०१९ सालीं निवडून आले आणि २०२४ सालींही तेच पुन्हा निवडून आले. म्हणजे मधल्या पांच वर्षांत विधानसभेपुढें जें जें विधेयक आलें, त्यावर मत देण्याचा अधिकार या तिघांस होता.

आतां, पोलीस व न्याय यांच्याशीं आमदाराचा संबंध काय, असें कोणी विचारील. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे विषय राज्यांच्या सूचींत आहेत. फौजदारी कायदा व त्याची कार्यपद्धति हे विषय समवर्ती सूचींत असल्यानें त्यांवरही राज्याचें विधिमंडळ कायदा करूं शकतें. मात्र तो केंद्राच्या कायद्याशीं विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची संमति लागते. तेव्हां ठाण्यावर माणसें किती असावीं आणि त्यांसाठीं पैसा किती द्यावा, हा सर्वस्वीं आमच्या आमदारांच्या अखत्यारींतला प्रश्न आहे.

या विषयावरचें अलीकडचें मोठें विधेयक म्हणजे ‘शक्ति’. आंध्र प्रदेशानें २०१९ सालीं केलेल्या ‘दिशा’ विधेयकाच्या धर्तीवर तें डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र विधानसभेंत मांडलें गेलें. स्त्रिया व बालकें यांवरील अत्याचारांच्या अतिघोर प्रकारांत देहदंड आणि तपासास ठराविक दिवसांची मुदत, अशा तरतुदी त्यांत होत्या. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनें तें तपासलें. २३ डिसेंबर २०२१ रोजीं विधानसभेनें आणि दुसऱ्या दिवशीं विधान परिषदेनें तें एकमतानें मंजूर केलें. पुढें राष्ट्रपतींची संमति कांहीं मिळाली नाहीं, आणि बदलापुरांत लोक रुळांवर उतरले त्या दिवशीं त्या कायद्याचें अस्तित्व कागदावरच होतें.

‘एकमतानें’ हा शब्द वाचून मला बरें वाटलें. म्हटलें, चला, सूनबाईंना सांगतां येईल कीं आपल्या तिघांनींही बाजूनें मत दिलें. पण मग मनांत आलें, हें मी कशावरून सांगणार? विधेयकास अनुकूल असणाऱ्यांनीं ‘होय’ म्हणावें, प्रतिकूल असणाऱ्यांनीं ‘नाहीं’ म्हणावें, आणि ज्या बाजूचा आवाज अधिक त्या बाजूचा विजय अध्यक्षांनीं जाहीर करावा, अशी ही आवाजी मतदानाची पद्धत. एखाद्या सभासदानें हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच शिरगणती होण्याचा प्रश्न येतो. एरवीं त्या मतदानांतून सभागृहाचा निकाल कळतो. माणसाचें मत कळत नाहीं. जो ठामपणें ‘होय’ म्हणाला तो, जो गप्प बसला तो, आणि जो त्या घटकेला उपाहारगृहांत चहा घेत होता तो, हे तिघेही ‘एकमत’ या शब्दाखालीं सारखेच झांकले जातात.

दिल्लींतही चित्र निराळें नाहीं. दंडसंहितेच्या जागीं आलेली भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचीं दोन विधेयकें, ज्यांवर आज साऱ्या देशाचा फौजदारी न्याय चालतो, तीं लोकसभेनें २० डिसेंबर २०२३ रोजीं आवाजी मतदानानेंच मंजूर केलीं. त्या वेळीं विरोधी पक्षांचे सुमारें शंभर सभासद निलंबित होते.

मोजणी कठीण असते म्हणून असें होतें, असें मात्र कोणी समजूं नये. ४ जुलै २०२२ रोजीं याच विधानसभेंत मंत्रिमंडळावरील विश्वासाचा ठराव आला, तेव्हां एकेक सभासद उभा करून शिरगणती झाली, आणि १६४ विरुद्ध ९९ असा आंकडा बाहेर आला. त्याच्या उलट, १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं विश्वासाचा ठराव आवाजी मतदानानें मंजूर झाल्याचें जाहीर होतांच मतविभागणीसाठीं केवढा गदारोळ उठला होता, तें वाचकांना आठवत असेल. खुर्ची कोणाची, हा प्रश्न आला कीं डोकीं मोजावीं असें सर्वच पक्षांना वाटतें. मुलीबाळींच्या संरक्षणाचा प्रश्न आला कीं आवाज पुरतो!

पारतंत्र्यांतल्या कायदेमंडळांतही, आजच्यापेक्षां अधिकार कितीतरी कमी असतां, मतविभागणीचा आग्रह धरला जाई. १९२८ च्या सप्टेंबरांत मध्यवर्ती कायदेमंडळापुढें सरकारनें सार्वजनिक सुरक्षिततेचें विधेयक आणलें. मतें मोजलीं तेव्हां दोन्ही बाजूंस ६१-६१ भरलीं, आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनीं आपलें निर्णायक मत विधेयकाच्या विरुद्ध टाकलें. अशा मतविभागणीच्या याद्या नांवनिशीवार वृत्तांतांत छापल्या जात, आणि आपल्या प्रतिनिधीनें सरकारची तळी उचलली कीं लोकांची बाजू घेतली, हें वाचणाऱ्यास कळे.

गंमत अशी कीं, जवळपास याच नांवाचें, ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’, १० जुलै २०२५ रोजीं आमच्या विधानसभेनें आवाजी मतदानानें मंजूर केलें. त्याआधीं संयुक्त समितीकडे नागरिकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या. डहाणूचे आमदार श्री. विनोद निकोले यांनीं त्यास स्पष्ट विरोध केला. विधेयक चांगलें कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. २८८ जणांच्या सभेंत एका माणसाची भूमिका आज आपल्याला नांवानिशीं सांगतां येते, ती तो उभा राहून बोलला म्हणून. बाकीच्यांपैकीं जे बोलले नाहींत, त्यांचें मत आवाजांत विरून गेलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीपासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचें सभासदत्व जाऊं शकतें. मग नोंदलेल्या मतांतून पक्षाखेरीज दुसरें काय कळणार? तरीही नोंद हवी. पक्षाच्या हुकमानें कां होईना, पण मीं असें मत दिलें, हें आपल्या मतदारांच्या डोळ्यास डोळा भिडवून सांगण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो हुकूम देणाऱ्यालाही दोन शब्द विचारूं लागतो.

याहून खोल गोष्ट मला शोध करतां करतां उमगली. बदलापुरांत उणीव कायद्याची नव्हतीच. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमानें असा गुन्हा कळतांच पोलिसांना खबर देणें सर्वांवर बंधनकारक आहे, आणि २१ व्या कलमानें खबर न देणाऱ्यास शिक्षा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं निक्षून सांगितलेलें आहे. ‘शक्ति’ कायदा अमलांत असता, तरीही त्या बांकावर बसलेल्या आईला हवा होता तो फांसाचा दोर नव्हे. तिला हवा होता लेखणी उचलून तक्रार लिहून घेणारा अंमलदार. तो वेळेवर मिळाला नाहीं. पुढें तीन पोलिसांना निलंबित करण्यांत आलें. २२ ऑगस्टला उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. आणि २३ सप्टेंबरला आरोपीच पोलिसांच्या ताब्यांत असतां गोळी लागून मेला. कित्येकांनीं पेढे वांटले. परंतु जानेवारी २०२५ मध्यें दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढें आला, त्यांत त्या मृत्यूबद्दल पांच पोलिसांवर ठपका ठेवलेला होता. आधीं तक्रार लिहिण्यास विलंब, आणि मग त्या आरोपीवरील गुन्हा न्यायासनासमोर शाबीत होण्याची वाटच बंद! दोन्हीकडे हानि झाली ती न्यायाचीच.

यास्तव आमदाराची परीक्षा केवळ ‘कडक शिक्षेला हात वर केला’ एवढ्यावर करूं नये. शिक्षा वाढविण्यास कोणीच नाहीं म्हणत नाहीं. त्याला पैसा लागत नाहीं कीं कष्ट. खरें काम अर्थसंकल्पाच्या अधिवेशनांत गृहखात्याच्या मागण्या येतात तेव्हांचें. आपल्या ठाण्यावर स्त्री-अधिकारी किती, मंजूर जागांपैकीं रिकाम्या किती, बालकांवरील अत्याचाराचे खटले किती वर्षें तुंबले, २१ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाप्रमाणें आमच्या शाळांत कॅमेरे बसले का, हे प्रश्न कोणी विचारले? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, दुरुस्त्या, यांवर मात्र सभासदाचें नांव असतें, आणि तें विधिमंडळाच्या छापील कामकाजांत सांपडतें. मत पुसट असलें, तरी हा माग पुसट नाहीं.

सूनबाईंना मीं हें सर्व सांगितलें. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे मामंजी, आपण विचारलेंच नाहीं म्हणून त्यांनीं लिहिलें नाहीं.” माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनावर एवढें नेमकें भाष्य कोणी केलें नव्हतें.

तेव्हां आमच्या घरानें एक ठरविलें आहे, आणि वाचकांनींही तें करून पाहावें, अशी विनंति आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर आपल्या आमदारांस एक साधें पत्र लिहावयाचें. त्यांत तीनच प्रश्न: पोलीस व न्याय यांसंबंधीं कोणतीं विधेयकें आलीं आणि आपण त्यांवर कोणतें मत दिलें? आपल्या गांवच्या पोलीस ठाण्याविषयीं आपण कोणता प्रश्न विचारला? आणि अशा विधेयकावर मतविभागणी मागण्यास आपण उभे राहाल काय? भाषा आदराची असावी, पण उत्तर मागणारी असावी. पहिलें पत्र सूनबाईंनीं स्वतःच्या हस्ताक्षरांत लिहिलें. खालीं घरांतल्या सहा मतदारांच्या सह्या आहेत.

अंबरनाथचें शिवालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यावरील शिलालेखांत शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव आणि शके ९८२ हा काळ खोदलेला आहे. साडेनऊशेंहून अधिक पावसाळे गेले; अक्षरें झिजलीं, तरी कोणाच्या राज्यांत हें काम झालें तें कळतें. आमच्या मुलींच्या रक्षणाचे कायदे ज्यांच्या ‘होय-नाहीं’वर होतात, त्यांचीं नांवें निदान कागदावर तरी उमटावींत, एवढेंच आमचें मागणें आहे.