सेंटिपीडला पाय किती?

पावसाळा सुरू झाला, की गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या शिवारात सोयाबीनच्या तासांमधून गर्द तपकिरी, लांबट किडे दिसू लागतात. काडीने डिवचले, तर वेटोळे करून नाण्यासारखे पडून राहतात. म्हणून त्यांना 'पैसा' म्हणतात. कुणी 'वाणी' म्हणतात. कोवळी रोपे ते कुरतडतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातील मुलांना हा प्राणी परका नाही. मात्र विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात 'मिलिपीड' असा शब्द आला, की तीच मुले अडतात. 'मिलिपीड म्हणजे पैसा' असे वहीत दहा वेळा लिहितात आणि आठवड्याने विसरतात.

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत गेला, की एका पानावर असे दहा-बारा शब्द त्याच्या अंगावर येतात. 'मला विज्ञान जमत नाही' असे म्हणून शाखा बदलणाऱ्या काही मुलांशी आम्ही बोललो आहोत. त्यांना पचनसंस्था समजत होती, बल आणि गतीही समजत होती. अडत होते ते शब्दांपाशी. त्या शब्दांची उकल इंग्रजीच्या तासाला होऊ शकते, आणि मराठी मुलाजवळ त्यासाठी लागणारे भांडवल आधीच असते, असे आम्हाला वाटते.

'मिलिपीड' हा शब्द फळ्यावर मोडून लिहा. 'मिलि' मुलांना मिलिमीटर, मिलिलिटरमधून माहीत असतो. लॅटिनमध्ये 'मिले' म्हणजे हजार. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान मापे ठरली तेव्हा मोठ्या मापांसाठी ग्रीक शब्द घेतले गेले (डेका, हेक्टो, किलो) आणि लहान मापांसाठी लॅटिन (डेसि, सेंटि, मिलि). म्हणून मिलिमीटरमधला 'मिलि' हजारावा भाग दाखवतो. मिलिपीडमधला सरळ हजारच आहे. उरला 'पीड'. सायकलच्या पेडलवर आपण काय ठेवतो, असे विचारले की उत्तर वर्गातूनच येते. मग 'बायपेड' म्हणजे द्विपाद आणि 'क्वाड्रुपेड' म्हणजे चतुष्पाद हे सांगायला शिक्षक लागत नाही.

येथे कोणीतरी हमखास विचारते, "सर, 'पेड' आणि 'पद' सारखेच कसे?" हा प्रश्न टाळू नये. आपल्या मुलखात तो फार जुना आहे. 'क्रिस्तपुराण' मराठीत रचणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. येथील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी १५८३ साली आपल्या भावाला पत्रातून कळवले होते. पुढे दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये, सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असा विचार मांडला. लॅटिन संस्कृतातून निघाली, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्या बहिणी आहेत, आई-लेकी नव्हेत.

बहिणींची चेहरेपट्टी ओळखू येते. दंत आणि डेंटिस्ट, नाम आणि नॉमिनेशन, सर्प आणि सर्पेंट, मध्य आणि मीडियम, नौका आणि नेव्ही. मोटारसायकलच्या किल्लीपाशी लिहिलेल्या 'इग्निशन'मध्ये आपला अग्नी आहे. कोठे साम्य लपलेले असते, पण त्यालाही नियम असतो. संस्कृतात जेथे 'श' आहे तेथे लॅटिनमध्ये बहुधा 'क' आढळतो. 'दश'ला 'देकेम', 'शत'ला 'केंतुम'. रोमन लोक हा 'क' ज्या अक्षराने लिहीत, तेच अक्षर इंग्रजीत काही स्वरांआधी 'स' असे उच्चारले जाते, म्हणून आपण 'सेंट' आणि 'डेसिमल' म्हणतो. आता श्वान घ्या. लॅटिनमध्ये तो 'कानिस' आहे, आणि आपल्या तोंडातला सुळा इंग्रजीत 'कॅनाइन', म्हणजे कुत्र्याचा दात. हे एकदा ऐकलेला मुलगा दातांचे प्रकार सहसा चुकवत नाही.

स्पेलिंगचीही थोडी तक्रार यातून मिटते. 'साइन' लिहिताना मधला 'जी' कशाला, असे मुले वैतागून विचारतात. 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' शेजारी लिहिले, की तो 'जी' बोलू लागतो. मूळ शब्द 'सिग्नुम', म्हणजे खूण.

मात्र येथे एक धोका आहे, आणि उत्साही शिक्षक त्यात आधी सापडतात. मूळ कळले म्हणजे अर्थ कळलाच असे नाही. 'पीडियाट्रिक्स'मध्ये पाय शोधू नयेत; तेथे मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. 'इन' हा उपसर्ग कधी नकार दाखवतो, कधी 'आत'. म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे असे समजणे जिवावर बेतू शकते. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. हे मुलांना विचित्र वाटले, तर 'विज्ञान' आणि 'विफल' यांतल्या 'वि'ची आठवण द्यावी. त्यामुळे आम्ही सुचवतो, की मुलांनी आधी मुळावरून अंदाज लिहावा, मग शब्दकोश उघडावा आणि अंदाज कोठे चुकला तेही लिहून ठेवावे. प्रयोगवहीत आपण हेच करतो. मुळांच्या याद्या पाठ करून घेणे मात्र टाळावे. ती नवी घोकंपट्टी होईल. धड्यात आलेला एखादा शब्द घेऊन आठवड्यातली दहा मिनिटे दिली तरी पुरे.

शब्द तपासायचा तसा प्राणीही तपासायचा. 'सेंटिपीड' म्हणजे गोम, शब्दशः शतपाद. पण प्रौढ गोमीच्या पायांच्या जोड्या सहसा विषम संख्येत असतात, जातीनुसार १५ पासून १९१ पर्यंत. शंभर पायांना पन्नास जोड्या लागतील, आणि पन्नास ही सम संख्या. मिलिपीडचे नावही फार काळ अतिशयोक्तीच होते. हजारांहून अधिक, १३०६ पाय असलेला मिलिपीड पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडला, आणि त्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली.

शाळेच्या आवारात पैसा सापडला, तर काचेच्या बरणीत काठीने सरकवून भिंगातून पाहावा. तो अंगातून दाहक द्रव सोडतो आणि गोम चावते, म्हणून हात लावू नये. गोमीच्या एका खंडाला पायांची एक जोडी असते, पैशाच्या बहुतेक खंडांना दोन. त्याच्या वर्गाचे शास्त्रीय नाव 'डिप्लोपोडा'. 'डिप्लो' म्हणजे दुहेरी. 'पोड' हा ग्रीकांचा पाय, म्हणजे तिसऱ्या बहिणीकडचे 'पद'.