आधी बॉल, मग मनगट, मग खिसा : कॉलेजच्या पोरांच्या बॅटची गोष्ट

कोल्हापूर म्हटलं की लोक कुस्ती आणि फुटबॉलचं नाव घेतात. ते खरंही आहे. पण सकाळी लवकर उठून शास्त्रीनगर मैदानावर, मेरी वेदरवर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर एक चक्कर मारा. खांद्याला किट बॅग अडकवलेली कॉलेजची पोरं-पोरी सरावाला आलेली दिसतील. त्यांच्या बॅगा उघडून पाहिल्या तर बऱ्याच जणांकडे दोन बॅटी निघतात. एक सीझन बॉलची, दुसरी टेनिस बॉलची. पहिली कॉलेजसाठी, दुसरी गावच्या नाहीतर पेठेतल्या स्पर्धेसाठी. दोन्ही लाकडाच्या, दिसायला बहिणी-बहिणी, आणि तरी एकीचं काम दुसरीला जमत नाही. दुकानातला कुठलाही जाणता माणूस म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या बॉलवर खेळणार?" किंमत, कंपनी, स्टिकर हे सगळं त्यानंतर.

अठ्ठावन्न ग्रॅम आणि एकशे साठ ग्रॅम

साध्या टेनिस बॉलचं वजन असतं अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. पुरुषांच्या क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास तिप्पट. महिलांचा त्याहून हलका, १४० ते १५१ ग्रॅम. सगळी गंमत या आकड्यांत आहे.

टेनिस बॉल बॅटवर आदळला की स्वतःच चेपतो. त्याला लांब धाडायचं तर बॅट वेगानं फिरली पाहिजे. म्हणून टेनिसची बॅट हलकी, कडा जाड, आणि मागून लाकूड कोरून काढलेलं. याला पोरं 'स्कूप' म्हणतात. सीझन बॉल मात्र टणक. तो चेपत नाही, त्याचा मार लाकडाला सोसावा लागतो. त्यासाठी सीझनच्या बॅटचं पातं यंत्रात दाबून घट्ट केलेलं असतं. दाब कमी पडला तर बॅट लवकर फुटते आणि जास्त झाला तर ती 'मरते', चेंडू तिच्यावरून सुटत नाही. कारागिराचं कसब या मधल्या जागेत लपलेलं आहे. टेनिसच्या बॅटनं नेटमध्ये सीझन बॉल खेळायला गेलेल्या मित्राला वेळीच अडवा, पहिल्या चार यॉर्करमध्ये टो, म्हणजे बॅटीचं खालचं टोक, जाईल.

लाकडाचं आडनाव : इंग्लिश की काश्मीर?

दोन्ही विलोच. इंग्लंडमध्ये एसेक्स, सफोक या भागात वाढणारी विलो साधारण पंधरा ते वीस वर्षांत बॅटीसाठी तयार होते. ती मऊ, पांढरट आणि वजनाच्या मानानं मजबूत. काश्मीरची विलो इंग्रजांच्या काळात तिथे लावली गेली. अनंतनागजवळ संगमला महामार्गाच्या दोन्ही अंगांना बॅटीच्या फळ्यांचे ढीग रचलेले असतात, सहलीला गेलेल्या मराठी मंडळींनी ते पाहिले असतील. ही विलो जरा कठीण, रंगानं तांबूस आणि किंचित जड.

कॉलेजच्या खेळाडूची निवड इथे बहुतेक वेळा खिसाच करतो. काश्मीरची बरी बॅट दीड-दोन हजारांत येते. इंग्लिश विलोची चांगली बॅट घ्यायची तर कित्येक हजार मोजावे लागतात. पण काश्मीर म्हणजे दुय्यम, हा समज आता सोडायला हवा. २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानच्या खेळाडूंनी काश्मिरी विलोच्याच बॅटी वापरल्या. टेनिस बॉलसाठी तर माझं मत पक्कं आहे : इंग्लिश विलोवर पैसे घालवूच नयेत.

ग्रेन्सचंही असंच. पात्यावर उभ्या रेघा दिसतात, त्या झाडाच्या वाढीच्या खुणा. सहा ते बारा सरळ रेघा असल्या की बॅट देखणी दिसते आणि महाग होते. जास्त रेघांची बॅट पहिल्या दिवसापासून छान खेळते, कमी रेघांची थोडा वेळ मागते, पण अनेकदा जास्त टिकते. वर्षभर एकच बॅट पुरवायची आहे अशा विद्यार्थ्यानं सात-आठ रेघांवर समाधान मानावं, नुकसान होत नाही.

काट्यावरचं वजन फसवतं

"११८० ग्रॅमची दाखवा" असं म्हणून बॅट काट्यावर ठेवणारे पुष्कळ. पण सारख्या वजनाच्या दोन बॅटी हातात घेतल्या तर एक पिसासारखी उचलली जाते आणि दुसरी मनगट ओढते. कारण वजन किती यापेक्षा ते हातापासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून असतं. टोकाकडे लाकूड जास्त असेल तर तीच बॅट फिरवायला जड जाते. याला मैदानावर 'पिकअप' म्हणतात.

तपासायची रीत सोपी. उजव्या हातानं खेळत असाल तर फक्त डाव्या हातात, म्हणजे वरच्या हातात, बॅट धरा आणि सरळ मागे उचला. ती तिरकी कलली किंवा कोपर बाहेर गेला, तर बॅट तुमच्यासाठी जड आहे. मग तिच्यावर कुणाचंही नाव असो.

सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड, म्हणजे सुमारे १.४ किलोच्या बॅटनं खेळला. ते पाहून नव्वदच्या दशकात कितीतरी शाळकरी पोरांनी जड बॅटी घेतल्या आणि ड्राइव्हऐवजी खांदेदुखी कमावली. त्याच्या मनगटाला लहानपणापासून ती सवय होती. आपलं मनगट आपणच ओळखायचं.

'मिडल' कुठे आहे तेही पाहावं. मॅटिंगवर चेंडू उसळतो, तिथे जाड भाग जरा वर असलेली बॅट सोयीची. संथ, खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर तो खाली असलेला बरा. आपलं कॉलेज कुठल्या मैदानांवर खेळणार हे आधीच माहीत असतं, मग बॅट त्या हिशेबानं का घेऊ नये?

कोल्हापूरच्या मातीतले ४४३

बॅटीच्या जाड कडांनी धावा होतात असं वाटत असेल, तर भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घ्यावं लागेल. डिसेंबर १९१९मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसानं डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम होता डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. फक्त नऊ धावा कमी. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला आणि विक्रम राहिला. के. व्ही. भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागीदारी केली होती. त्या काळच्या बॅटी आजच्या मानानं बारीक कडांच्या, चपट्या. चेंडू मधोमध लागला नाही तर सीमारेषा लांबच राहायची. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. ही खंत कोल्हापूरकरांच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये. डिसेंबर २०१२मध्ये कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं. इथल्या प्रत्येक नेटवर हा आकडा रंगवून ठेवला पाहिजे.

शेजारच्या सांगलीच्या विजय हजारेंनी १९४३-४४च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ३०९ धावा केल्या, त्या डावात संघाची एकूण धावसंख्या होती ३८७! हजारे दोन्ही हात हँडलवर एकमेकांपासून लांब ठेवून बॅट धरत. प्रशिक्षणाच्या पुस्तकात ही पकड बसत नाही. पण धावा होत होत्या.

सांगलीच्या कॉलेजकन्येची बॅट

स्मृती मानधना सांगलीची, आणि ती तिथल्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती. २०१३मध्ये वडोदऱ्याच्या अलेंबिक मैदानावर एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत तिनं गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा ठोकल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्या वेळी तिच्या हातात जी बॅट होती, ती मूळची राहुल द्रविड यांची. तिच्या भावानं ती त्यांच्याकडून मिळवली होती. आठवण म्हणून जपून ठेवायची असं ठरलं होतं, पण हातात घेतल्यावर तिचा तोल इतका आवडला की स्मृती थेट सामन्यात ती वापरू लागली. बॅट का निवडली याचं इतकं साधं आणि खरं उत्तर दुसरं नाही : तोल जमला.

उसन्या बॅटीचा आणखी एक पराक्रम. ४ ऑक्टोबर १९९६ला नैरोबीत शाहिद आफ्रिदीनं श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक केलं, ते सचिनच्या बॅटनं. सचिननं तशीच दुसरी बनवून आणायला ती वकार युनूसकडे दिली होती, आणि वकारनं ती या पोराच्या हातात ठेवली.

एसजी म्हणजे सुनील गावसकर नव्हे

बॅटीवरचं एसजी म्हणजे सुनील गावसकर, हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एसजी म्हणजे सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स. १९३१मध्ये सियालकोटला सुरू झालेली ही कंपनी फाळणीनंतर मेरठला आली. गावसकर त्यांच्या बॅटीनं खेळले आणि नाव आपसूक जुळलं. कोल्हापूरच्या दुकानांत आज दिसणाऱ्या कितीतरी बॅटी त्याच मेरठहून येतात.

नियम कुणामुळे आले?

१७७१मध्ये थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज हॅम्बल्डन संघाविरुद्ध यष्ट्यांच्याच रुंदीची बॅट घेऊन उतरला. तेव्हाच्या दोन्ही यष्ट्या झाकल्यावर गोलंदाजानं करायचं काय? तेव्हाच बॅटीची रुंदी सव्वाचार इंच ठरली. अडीचशे वर्षं झाली, ती तेवढीच आहे.

१९७९च्या डिसेंबरमध्ये पर्थला डेनिस लिलीनं ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडू खराब होतो अशी इंग्लंडच्या कर्णधारानं तक्रार केली, आणि चिडलेल्या लिलीनं ती बॅट मैदानावरच भिरकावली. पुढच्याच वर्षी पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला. २०१७पासून कडेची जाडी ४ सेंटिमीटर आणि पात्याची खोली ६.७ सेंटिमीटर यापलीकडे जाता येत नाही. २०२५च्या आयपीएलमध्ये पंच भर मैदानात साचा घेऊन बॅटी मोजत होते, ते याच नियमासाठी. टेनिस बॉलच्या गावच्या स्पर्धांत मात्र आयोजक सांगतील तो कायदा. म्हणून तिथल्या बॅटींच्या कडा भलत्याच जाड दिसतात.

अमेरिकेत कॉलेजची बॅट धातूची

लिलीच्या हातून जे काढून घेतलं, ते अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलनं त्याआधीच आपलंसं केलं होतं. लाकडी बॅटी सारख्या मोडायच्या आणि कॉलेजांना खर्च झेपेना, म्हणून १९७४पासून तिथे ॲल्युमिनियमला परवानगी मिळाली. व्यावसायिक बेसबॉल आजही फक्त लाकडावर चालतो. पोकळ धातूची नळी चेंडू लागताच किंचित दबून परत उसळते आणि चेंडू झपाट्यानं सुटतो. १९९८च्या कॉलेज अजिंक्यपदाचा अंतिम सामना २१-१४ असा संपला, आणि बॅटी फार 'गरम' झाल्याची ओरड वाढली. २०११पासून तिथे बीबीसीओआर नावाची कसोटी लागू आहे : धातूची बॅट लाकडापेक्षा फार उसळी देता कामा नये. शिवाय इंचांतली लांबी आणि औंसांतलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक नको. तेहेतीस इंची बॅट किमान तीस औंसांची हवीच. भारतीय विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांतही बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि आपला बांबू?

२०२१मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे दर्शील शहा आणि बेन टिंकलर-डेव्हिस यांनी बांबूच्या पट्ट्या चिकटवून बॅट केली. ती विलोपेक्षा ताठ आणि मजबूत निघाली, तिचं 'मिडल' मोठं आणि टोच्या जवळ होतं. यॉर्कर मारायला उत्तम! क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं मात्र नियमाकडे बोट दाखवलं : बांबू हे गवत, लाकूड नव्हे. शाहूवाडी, पन्हाळा, आजऱ्याच्या डोंगरात बांबूला तोटा नाही. सीझन बॉलचं दार बंद असलं तरी टेनिस बॉलच्या बॅटीसाठी आपल्याकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं हा प्रयोग जरूर करून पाहावा.

पाऊस लागण्याआधी

कोल्हापूरचा पाऊस बॅटीचा मोठा वैरी. ओल्या आउटफिल्डवर बॅट टेकवली की टो पाणी पितो, फुगतो आणि मग चिरतो. नवी इंग्लिश विलो घेतली असेल तर कच्चं जवसाचं तेल पातळ हातानं समोर, कडांना आणि टोला लावा. हँडल जिथे पात्यात बसतं तो व्ही आकाराचा सांधा मात्र तेलापासून लांब ठेवा. तेल मुरलं की बॅट आडवी ठेवून वाळू द्या. मग लाकडी हातोडीनं किंवा मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूनं काही तास नॉकिंग करा, कडांवर जास्त. टोला रबरी पट्टी चिकटवून घ्या. पावसाळ्यात बॅट ओल्या किट बॅगेत कोंडू नका, आणि उन्हात किंवा चुलीजवळही वाळवू नका. घरातल्या सावलीत, हवेशीर कोपऱ्यात उभी करा. विद्यापीठाचे सामने येतील तेव्हा ती तयार असेल.