खाजणातला रविवार

माघ वद्य प्रतिपदेचा रविवार होता. ऐरोलीच्या खाडीकाठी, उजाडते न उजाडते तोच, महाविद्यालयात शिकणारी वीस-पंचवीस मुलेमुली गमबूट चढवून आणि रिकाम्या गोण्या खांद्यावर टाकून उभी होती. आणि ओहोटीचे पाणी नेमके कधी तळाला जाईल याविषयी ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये निराळाच आकडा निघत असल्यामुळे त्यांच्यात एक लहानसा वाद पेटला होता. होडीच्या काठावर बसून जाळे सांधणाऱ्या एका वृद्ध कोळ्याने तो मिटविला. “तिथीची पाऊणपट करा,” तो म्हणाला, “ती भरतीची वेळ.” प्रतिपदेची भरती पाऊण वाजता, आणि तिच्याआधी सहा तास, म्हणजे पावणेसातला, पाणी तळाला. मुले मुकाट्याने चिखलात उतरली.

ज्या भूमीत ती उतरली तिची प्रतिष्ठा फार जुनी नाही. पूर्वीच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खाडीचे पाणी बांध घालून अडवावे, उघाडीतून आतले गोडे पाणी बाहेर सोडावे आणि खार धुऊन निघाल्यावर तेथे भात लावावे, अशी रीत होती, आणि अशा जमिनींसाठी महसूल दफ्तरात शिलोत्री नावाचा स्वतंत्र प्रकारही असे. परंतु बांधाच्या बाहेरचे जे खाजण उरले, ते सरकारी दृष्टीने पडीक आणि नागरिकांच्या दृष्टीने राडारोडा टाकण्याची हक्काची जागा, अशीच त्याची दीर्घकाळ गणना झाली. त्या खाजणात जिताड्याची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात आणि निवट्या उड्या मारतात, हे ठाऊक होते ते कोळ्यांना. पण त्यांची साक्ष कोण काढतो?

खारफुटीतले तिवराचे झाड जवळून पाहिल्यावाचून या मुलांच्या कचरा वेचण्याच्या कामाचे मर्म कळत नाही. खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून तिवर आपल्या आडव्या मुळांपासून बोटाएवढ्या शेकडो मुळ्या चिखलाबाहेर उभ्या करते आणि ओहोटीच्या वेळी त्यांच्या रंध्रांतून श्वास घेते. शोषलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते. प्लॅस्टिकची पिशवी भरतीबरोबर येऊन या मुळ्यांना लपेटते, तिच्यात गाळ बसतो आणि झाड, पाण्यात उभे असूनही, गुदमरू लागते. माझ्यासमोर एक मुलगी उकिडवी बसून कात्रीने अशी एक पिशवी कापीत होती. ओढून का काढीत नाहीस, असे मी विचारले, तेव्हा मान वर न करताच ती म्हणाली, “ओढली की मुळ्या मोडतात, काका. पहिल्या दिवशी आम्ही खूप मोडल्या.” एका पिशवीस तिला सात-आठ मिनिटे लागली.

या संथपणापेक्षा रोपे लावण्याचे समारंभ अधिक लोकप्रिय असतात, हे ओघानेच आले. रोप लावताना छायाचित्र चांगले येते. वस्तुतः खारफुटीच्या जीर्णोद्धारात रोपणाचा क्रमांक पहिला नव्हे. फिलिपाईन्समध्ये कित्येक वर्षे मोठा खर्च करून केलेल्या लागवडीतील बहुतेक रोपे दगावली, कारण ती भरतीच्या चुकीच्या पातळीवर, जेथे कांदळ ही खारफुटी स्वभावतः उगवत नाही अशा उघड्या गाळावर, लावण्यात आली होती. रॉबिन लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच प्रतिपादन केले की, आधी पाण्याची वाट मोकळी करावी; भरती-ओहोटी पूर्ववत झाली आणि जवळपास जिवंत झाडे असली, तर बीज पाण्यावर तरंगत आपण होऊन येते. कांदळाचे बीज तर झाडावर असतानाच अंकुरते आणि लांब शेंगेसारखे रूप घेऊन खाली सुटते.

उघडा गाळ म्हणजे ओसाड जागा हा समजही असाच फसवा आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्षी त्याच गाळातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव चोच उलटी धरून गाळून खातात. तेथे झाडे लावली तर त्यांचे ताटच काढून घेतल्यासारखे होईल. या खाडीचा एक भाग 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. (रामसर हे नाव ऐकून कोणा रामाचे सरोवर डोळ्यांपुढे आणणाऱ्या वाचकांचा किंचित हिरमोड होईल: ते इराणमधील, कॅस्पियन समुद्राकाठचे शहर आहे, पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1971 मध्ये तेथे झाला.)

कायदाही हळूहळू जागा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि 2018 च्या निकालात भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकामास बंदी घातली. दरम्यान 2012 मध्ये राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला गेला. तथापि हुकूम निघाला म्हणून भराव आपोआप उचलला जात नाही. एखाद्या रस्त्याखालची मोरी राडारोड्याने बुजली की तिच्यापलीकडचे तिवर एका ऋतूत पिवळे पडू लागते, आणि ते पिवळेपण प्रथम दिसते ते दर रविवारी त्याच वाटेने जाणाऱ्यालाच. या मुलांची खरी उपयुक्तता मला गोण्यांच्या संख्येपेक्षा या नजरेत वाटते. मोरी मात्र त्यांनी आपल्या हाताने उपसू नये, तिची दरखास्त कक्षाकडे द्यावी, असे त्यांना बजावलेले असते.

साडेनऊच्या सुमारास पाणी मुळ्यांच्या टोकांना लागले तेव्हा काठावर एकोणीस गोण्या उभ्या होत्या. आणि येणाऱ्या पाण्यावर, अगदी आमच्या देखत, दोन नव्या पिशव्या तरंगत आत शिरल्या. कोणी हसले, कोणी कपाळाला हात लावला. बूट धुता धुता एका मुलाने बोटे मोजली: पुढल्या रविवारी अष्टमी, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला.

“उन्हात कोण येणार?” तो म्हणाला.

कात्रीवाली मुलगी म्हणाली, “टोप्या आणा.”