दोनचा ६७ वा घात उणे एक

पॅरिसच्या मठात राहून युरोपभरच्या गणितज्ञांशी पत्रव्यवहार सांभाळणारे पाद्री मारँ मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांसाठी दोनचा घात उणे एक ही संख्या मूळ ठरते याची यादी देताना ६७ हा घातांक बिनदिक्कत दाखल केला, आणि तेवढ्या एका नोंदीच्या बळावर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या दोनशेहून अधिक वर्षे मूळ संख्यांच्या दप्तरात नांदली. घातांक मूळ असला की संख्याही मूळच, असा समज पुष्कळांचा असतो. पण दोनचा ११ वा घात उणे एक म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, हे मर्सेन यांच्या शंभर वर्षे आधीच ज्ञात होते. खरा नियम एवढाच, की घातांक संयुक्त असेल तर संख्या मूळ असूच शकत नाही. मर्सेन यांनी ६७ व २५७ हे नको ते घातांक घेतले, ६१, ८९ व १०७ हे हवे ते गाळले, तरीही या जातीच्या संख्या आजवर त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात!

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. संख्या संयुक्त असल्याचे शाबीत करायचे तर तिचे अवयव हजर केलेच पाहिजेत, असे सामान्यतः धरले जाते, आणि म्हणून ही संख्या संयुक्त ठरविल्याचे श्रेय फ्रँक नेल्सन कोल यांच्या पदरी टाकले जाते. वस्तुतः तो निकाल एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ सालीच, एकही अवयव हाती नसताना, दिला होता. त्यांच्या कसोटीला पुढे लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले, ते असे: ४ पासून आरंभ करावा, दर वेळी वर्ग करून दोन वजा करावेत, परीक्षेस घेतलेल्या संख्येने भागून केवळ बाकी जवळ ठेवावी, ६७ या घातांकासाठी अशा ६५ आवर्तनांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, न आली तर संयुक्त. त्यात भाजकाचा शोध कोठेच नाही.

कोल यांनी १९०३ साली अमेरिकन गणित परिषदेपुढे मांडले ते अवयव: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. एक शब्दही न उच्चारता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला आणि या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, ही ई. टी. बेल यांनी सांगितलेली कथा रंजक खरी, पण तिच्यामुळे कोल यांनी रविवारमागून रविवार नुसता भागाकार केला असावा, असा ग्रह होतो. या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक १३४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. त्या मालिकेतही लहान अवयवाचे स्थान १४,४५,५८० वे आहे, आणि म्हणूनच वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून उमेदवारांची आणखी छाननी करणे कोल यांना भाग पडले.

कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे व अंकांच्या मानाने माफक पायऱ्यांत ठरविण्याची रीत दिली, तेव्हापासून मोठ्या संख्यांचे अवयव काढण्याच्या अवघडपणावर विसंबलेले गुप्तलेखन निकामी झाले, असे मानणे हीदेखील तीच जुनी गल्लत होय. कारण संख्या संयुक्त आहे एवढा फैसला ती रीत देते, अवयवांचा तपशील देत नाही.