तंतुवाद्यांचे शिक्षण : कानाने की वाचनाने?



मंदिरात सतार, व्हायोलिन व तंबोरा शिकणाऱ्या मुलांना स्वरलिपी शिकवावी, की पूर्वापार ऐकूनच शिकवावे, अशी विचारणा काही सभासदांनी केली आहे. पुस्तकाने कान मंदावतो, असे ज्येष्ठ भजनकऱ्यांचे मत. तर वाचन आल्याशिवाय परीक्षांची तयारी होणार नाही, ही पालकांची चिंता. दोन्ही बाजू ध्यानात याव्यात यासाठी हे विवेचन.

प्रथम कानाविषयी. तंबोऱ्याच्या चार तारा सामान्यतः प, सा, सा व खर्जाचा सा अशा लावतात. त्या जुळल्या की नाही, हे कागद सांगू शकत नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी स्वर चुकतो. सतारीला पडदे असले तरी मींड तार खेचूनच निघते. भजनातही गाणाऱ्याची पट्टी बदलली की वादकाला तत्काळ तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात असत, हे सर्वश्रुत आहे.

आता लेखनाविषयी. निपाणीपासून फार दूर नसलेल्या कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गुरुमुखातून विद्या घेतली. त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि स्वरलेखनाची पद्धतीही सिद्ध केली. अनेक विद्यार्थ्यांना एकत्र शिकवावयाचे, तर लिखित आधार हवा, हे त्यांनी जाणले होते.

पं. भातखंडे यांची पद्धती आज अधिक प्रचारात आहे. तीत मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. मींड स्वरांवरील कमानीने दर्शवितात. सतारीसाठी स्वरांखाली ‘दा’, ‘रा’ हे नखीच्या आघाताचे बोल लिहिता येतात. कन्नड माध्यमाच्या मुलांना स्वराक्षरे कन्नड लिपीत लिहून दिली तरी चिन्हे तीच राहतात. मात्र कमान मींड कोठून कोठे जाते एवढेच सांगते. ती किती सावकाश घ्यावी, हे गुरूच दाखवितो.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा : आधी तंबोऱ्यासोबत स्वर गाणे, मग गायलेला स्वर वाद्यावर शोधणे, चाल ऐकून वाजविणे आणि ती हाती बसल्यावर स्वतः लिहिणे. अपरिचित गत वाचून वाजविणे ही शेवटची पायरी होय. असे केल्याने कान दुबळा होत नाही आणि परीक्षेची तयारीही होते.

या विषयाची निकड आणखी एका कारणाने आहे. आपल्या भागातील काकड्याच्या व सप्ताहातील कित्येक चाली केवळ ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत. त्यांच्यामागे त्या लोपू नयेत, यासाठी ज्येष्ठ भजनकऱ्यांनी मुलांसमवेत बसून चाली म्हणाव्यात व मुलांनी त्या ऐकून, वाजवून लिहून घ्याव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.

आपला,
कार्यवाह, विश्वस्त मंडळ