चावी बाहेरून येते

सकाळी ७. मुंबईची लोकल पकडणारे आसनगाव स्टेशनकडे निघून गेलेत. माझं काम शहापुरात घरूनच चालतं. सध्या हातात टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही आहे, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि डोंगराकडचे पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. ही नोंद चोख राहिलीच पाहिजे.

सकाळी ९. नोंदी असोसिएटिव्ह ॲरेत आहेत, म्हणजे प्रत्येक कप्प्याला नावाची चावी, ‘की’: तालुका, त्यात गाव, गावात पाडा, मग तारीख, शेवटी फेऱ्या. कुठला पाडा बघायचा हे मोबाइलवर निवडणारा ठरवतो, प्रोग्राम लिहिताना ते मला माहीत नसतं. काही गावांना पाडेच नाहीत, तिथे एक पातळी कमी. म्हणून निवडलेली नावं ओळीने घ्यायची आणि लूप लावून एकेक पातळी खाली उतरायचं, प्रत्येक पातळीवर ती की आहे का हे विचारत. नावं जोडून कोडची ओळ बनवायची आणि ती इव्हॅलला द्यायची, हा आडमार्ग मी घेत नाही. बाहेरून आलेला मजकूर सर्व्हरवर चालवू देणं धोक्याचं आहे.

सकाळी ११. आठ तारखेच्या नोंदी सापडेनात. वहीत इंग्रजी आकड्यांत ‘शून्य आठ’, फोनवरून नुसता ‘आठ’. नुसत्या आठाची की पीएचपी पूर्णांक करून टाकते, शून्य आठ मात्र मजकूरच राहतो. वर्ष-महिना-दिवस अशी पूर्ण तारीखच की केली.



दुपारी २. आजचं खरं काम. एका पाड्याचा आकडा अजून आलेला नाही; तिथे नल, म्हणजे ‘मूल्य नाही’, असं साठवलंय. ‘आहे का’ हे सांगणाऱ्या इस्सेटला विचारलं की उत्तर येतं ‘नाही’. यादीत नसलेल्या पाड्यालाही तेच ‘नाही’. पण आकडा यायचा असेल तर ग्रामपंचायतीला फोन करायचा. पाडाच यादीत नसेल तर नाव घालून घ्यायला तहसील गाठावं लागतं. त्यातून २०१५च्या पीएचपी ७ पासून दोन प्रश्नचिन्हांची सोय आहे: काही सापडलं नाही तर शून्य धर, असं एका ओळीत सांगता येतं. इथे ते शून्य धादांत खोटं ठरेल. टँकर गेलेला असेल किंवा नसेलही, पण पडद्यावर ‘० फेऱ्या’ दिसेल आणि वरचा अधिकारी त्यावरच विश्वास ठेवेल. म्हणून ॲरे-की-एक्झिस्ट्स वापरलं. ते फक्त की आहे का एवढंच बघतं. आता पडद्यावर ‘माहिती यायची आहे’ आणि ‘यादीत नाही’ असे दोन वेगळे शेरे येतात.

संध्याकाळी ५. शेजारच्या मुरबाड तालुक्याची वही जोडली. लूपला हात लावावा लागला नाही. ‘यादीत नाही’ असा शेरा आलेली नावं वेगळी काढतोय. उद्या सकाळी ती घेऊन तहसीलला.