लिफीकाठचं जकातघर

डब्लिनच्या कस्टम हाऊसखाली लाकूड आहे. लिफी नदीच्या उत्तर काठावर ११४ मीटर पसरलेली ती फिकट दगडाची इमारत, तिचे खांब, तिचा घुमट आणि घुमटावर उभी असलेली सोळा फूट उंचीची व्यापारदेवता, हा सगळा भार बाल्टिककडून आलेल्या पाइनच्या तुळयांवर तोललेला आहे. नदीकडे तोंड करून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण ज्या इमारतीवर जमाव चालून आला, जिच्यात आग पाच दिवस धुमसली आणि जिच्या डोक्यावरचा दगड आजही बाकीच्या अंगाशी रंगाने जुळत नाही, तिची गोष्ट त्या तुळयांपासूनच सुरू होते.

जेम्स गँडन एप्रिल १७८१ मध्ये लंडनहून डब्लिनला आला. सर विल्यम चेंबर्सच्या हाताखाली शिकलेला हा वास्तुरचनाकार. सेंट पीटर्सबर्गहूनही त्याला बोलावणं होतं, ते त्याने नाकारलं. डब्लिनला आल्यावर पहिले काही महिने मात्र त्याला जवळजवळ लपूनच काढावे लागले. महसूल आयुक्त जॉन बेरेसफर्ड यांनी त्याला गाजावाजा न करता आणवलं होतं, कारण नव्या जकातघराच्या नुसत्या वार्तेने शहरातले व्यापारी खवळले होते.

त्यांचा राग बिनबुडाचा नव्हता. जुनं कस्टम हाऊस १७०७ सालचं, थॉमस बर्गने बांधलेलं, वरच्या अंगाला एसेक्स पुलाजवळ. तिथवर नदी उथळ, खडकाळ. मोठी गलबतं खालीच थांबायची आणि माल होड्यांतून वर न्यावा लागायचा. इमारतही खचत चालली होती. हे सगळं खरं असलं तरी जुन्या धक्क्याभोवती दुकानं, गोदामं, घरं, भाडी असा सगळा संसार उभा राहिला होता. जकातघर खाली समुद्राच्या दिशेने सरकलं की त्याच्या वरच्या अंगाला नवा पूल होणार, जहाजं जुन्या बाजारापर्यंत पोचणारच नाहीत, आणि शहराचं केंद्र पूर्वेकडे जाणार, हे व्यापाऱ्यांना स्वच्छ दिसत होतं. पूर्वेकडच्या जमिनींत बेरेसफर्ड यांच्या सोयऱ्याचे, ल्यूक गार्डिनरचे, हितसंबंध गुंतलेले होते हेही त्यांना ठाऊक होतं. पुढे झालंही तसंच. आज जिथे ओ'कॉनेल पूल आहे तिथे १७९०च्या दशकात गँडननेच पूल बांधला आणि डब्लिनचा मध्य कायमचा हलला.

नेपर टँडी हा शहराच्या राजकारणातला तापट पुढारी करवती आणि वासले घेतलेला जमाव घेऊन बांधकामावर चालून गेला आणि त्यांनी कुंपण पाडलं. गँडन कामावर जाताना तलवार जवळ बाळगू लागला. या सगळ्या विरोधातच ८ ऑगस्ट १७८१ रोजी पायाचा दगड बसला.

पण गँडनचा खरा वैरी जमिनीत होता. ही जागा म्हणजे भरतीच्या पाण्यातून मिळवलेलं खाजण. भराव टाकून केलेली जमीन कशी असते हे मुंबईकराला सांगायला नको: वरून टणक, दोन पुरुष खणलं की समुद्र. चर खणले की पाणी आत यायचं, पंप अखंड चालवावे लागायचे. पाया जमणारच नाही, अशी पैज शहरातले जाणकार मनातल्या मनात लावून बसले होते.

गँडनने काढलेला तोडगा आजही इंजिनिअरला थबकवतो. त्याने चराच्या तळाशी जाड चौकोनी तुळयांची आडवी-उभी जाळी अंथरली. जाळीच्या घरांत विटा आणि चुना ठासून भरला आणि वर दगडी पाया चढवला. भिंतींना बांधून ठेवायला त्याने लोखंडी साखळपट्ट्याही घातल्या. हेतू सरळ होता. जमीन कुठे घट्ट, कुठे मऊ असणारच. मग इमारतीने एका कोपऱ्यात खचण्यापेक्षा सगळीकडे सारखंच टेकावं. लाकूड पाण्याखाली कुजेल ही आपली सहज समजूत इथे चुकीची ठरते. कायम पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय त्याला खाणारी बुरशी जगत नाही. गँडनच्या तुळया टिकल्या त्या ओल्या राहिल्या म्हणून.

७ नोव्हेंबर १७९१ रोजी कस्टम हाऊस उघडलं. खर्च दोन लाख पौंडांवर गेला होता. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

गँडनचं नाव इमारतीवर असलं, तरी तिच्या अंगावर हात फिरला तो एडवर्ड स्मिथचा. तिशी ओलांडलेला हा मूर्तिकार एका दगडकामाच्या कंत्राटदाराकडे राबत होता. गँडनला कोरीवकामासाठी माणूस हवा होता. स्मिथने केलेले नमुने पाहून तो इतका खूश झाला की पुढची तीन दशकं डब्लिनच्या मोठ्या इमारतींवर स्मिथचीच छिन्नी चालली.

कस्टम हाऊसच्या कमानींच्या माथ्यावर, मधल्या कळीच्या दगडांत, स्मिथने चौदा मुखं कोरली. तेरा आयर्लंडच्या नद्यांची आणि एक अटलांटिक महासागराचं. बॉइन, शॅनन, ली, स्लेनी, लॅगन, बॅन… जकातघराला याहून नेमकं अलंकरण सुचणं कठीण. परदेशातला माल महासागरातून येणार आणि देशातला माल या नद्यांच्या खोऱ्यांतून उतरून बंदरात पोचणार, ही त्या इमारतीच्या उत्पन्नाची वहीच दगडात उघडून ठेवली आहे. मुखं पुरुषांची आहेत: भरदार गालांची, दाढीत पाण्याची लाट वळलेली, केसांत त्या त्या मुलखाचं पीकपाणी गुंफलेलं. त्यात एकच स्त्री. ती लिफी, शहराची स्वतःची नदी, मुख्य दारावर. वरच्या पट्टीवर बैलांची मस्तकं आहेत. ती गोमांसाच्या निर्यातीची खूण, आणि डब्लिनचा पैसा त्या व्यापारातून येत होता. १९२८ मध्ये स्वतंत्र आयर्लंडने पहिल्या नोटा छापल्या तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूला स्मिथची हीच नदीमुखं घेतली. ब्रिटिश अमदानीतल्या जकातघरावरचे चेहरे नव्या देशाच्या खिशात गेले. एका कारागिराच्या कामाचा यापेक्षा मोठा गौरव कोणता असेल?

दुर्दैव असं की ज्या कामासाठी एवढा खटाटोप झाला ते काम इथे फार काळ टिकलं नाही. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, १८२०च्या दशकात कस्टम्सचा कारभारही तिकडे गेला, आणि इमारत हळूहळू इतर सरकारी खात्यांनी भरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे स्थानिक प्रशासनाचं आणि करवसुलीचं दफ्तर होतं.

याच दफ्तरासाठी २५ मे १९२१ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या डब्लिन ब्रिगेडचे शंभरावर स्वयंसेवक आत शिरले. कागद गेले की कारभार लुळा पडेल, हा त्यामागचा विचार. त्यांनी पॅराफिन ओतलं, आग लावली. बाहेर पडताना ते वेढले गेले. पाच स्वयंसेवक मारले गेले, काही सामान्य नागरिकही गेले आणि बहुतेक जण पकडले गेले. आग पाच दिवस धुमसत होती. छपरावरचं शिसं वितळून ओघळलं, आतली दालनं नाहीशी झाली, घुमट कोसळला. पुढच्याच वर्षी गँडनचीच दुसरी मोठी वास्तू, फोर कोर्ट्स, यादवी युद्धात जळली आणि तिथल्या अभिलेखागारात शतकांचे कागद राख झाले. स्वातंत्र्याच्या लढ्याचं मोल मान्य करूनही ही दोन नुकसानं वाचताना जीव हळहळतो.

स्वतंत्र आयर्लंडच्या नव्या सरकारने इमारत पाडली नाही, हे त्याचं थोरपण. १९२०च्या दशकात दुरुस्ती झाली. मूळ इमारत इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाची, पण घुमट आणि त्याखालचा गोल उभारला तो मीथ परगण्यातल्या आर्डब्रॅकनच्या चुनखडकात. हा दगड वयाबरोबर काळवंडतो. खालची इमारत फिकट, वरचा घुमट राखाडी, हा भेद आज नदीपलीकडूनही डोळ्यांत भरतो. काहींना हा विजोडपणा खुपतो. प्रस्तुत लेखकाला तो खुपत नाही. जे जळलं ते जळलेलं दिसायला हवं, आणि ज्यांनी पुन्हा उभं केलं त्यांचा दगडही दिसायला हवा.

खरी चिंता रंगाची नाही, लोखंडाची आहे. दगडाला दगड धरून राहावा म्हणून सांध्यांत लोखंडी चाप बसवण्याची तेव्हाची सर्वत्र रीत होती. कोरडं असेपर्यंत हे लोखंड निमूट काम करतं. ओल लागली की गंजतं, आणि गंज मूळ धातूपेक्षा कैक पट जागा मागतो. मग चाप आतूनच दगड फोडतो. कस्टम हाऊसमध्ये आधी आगीच्या धगीने सांधे उघडले आणि मग डब्लिनच्या पावसाने वर्षानुवर्षं त्या फटींतून आत वाट काढली. १९८०च्या दशकात सरकारच्या बांधकाम खात्याने वास्तुरचनाकार डेव्हिड स्लॅटरी यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा दगड तडकण्यामागे हे गंजलेलं लोखंडच निघालं. इमारतीच्या द्विशताब्दीला, १९९१ मध्ये, ते काम पुरं झालं. पण जाड भिंतीच्या पोटात कुठे लोखंड आहे आणि त्याला ओल लागली आहे का, हे बाहेरून पाहून कळत नाही. आगीत भाजलेल्या दगडाची ताकदही वरून मोजता येत नाही.

म्हणजे या एकाच इमारतीत वर कोरडं राहायला हवं असं लोखंड आहे आणि खाली ओलं राहायला हवं असं लाकूड. छप्पर आणि पन्हळी गळू न देणं हे माणसाच्या हातात आहे. जमिनीखालच्या पाण्याचं तसं नाही. मागच्या बाजूच्या जुन्या गोद्यांच्या जागी १९८७ पासून वित्तकेंद्र वाढलं, काचेचे मजले आले. अशा शेजारात खोल तळघर खणताना पाणी उपसलं आणि भूजलाची पातळी बराच काळ खाली राहिली, तर तुळयांचा वरचा थर उघडा पडून त्याला हवा लागू शकते. कुजलेलं लाकूड दाबलं जातं, आणि मग गँडनने टाळलेली गोष्ट, एका कोपऱ्याने खचणं, सुरू होते. याउलट नदी चढते तेव्हाचा धोका वेगळा. १ फेब्रुवारी २००२ रोजी विक्रमी भरतीने डब्लिनच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं. समुद्राची पातळी वाढतेच आहे, आणि भिंतीत चढणारी खारी ओल लोखंडाला गोड्या पाण्यापेक्षा लवकर खाते.

इमारतीत आजही सरकारी कामकाज चालतं आणि तिचा इतिहास मांडणारं अभ्यागत केंद्रही आहे. तिथे येणाऱ्याला गँडन भेटतो, स्मिथ भेटतो, १९२१ ची आग भेटते. पायातल्या तुळया मात्र दाखवण्यासारख्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचं काम जास्त जिकिरीचं. शेजारी कुठलाही नवा खड्डा खणण्याआधी भूजलाची नोंद घेणं आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवणं, हे कंटाळवाणं काम घुमट धुऊन काढण्याइतक्याच मानाचं समजलं गेलं पाहिजे.